ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. नव्या डिस्क टाकूनही पाच हजार किलोमीटरांत पुन्हा तेच

मुठेकाठ (धागाकर्ता) – रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. गणपतीला आई-बाबांना घेऊन गुहागरला जायचंय आणि गाडीवर विश्वास ठेवावासा वाटत नाहीये, म्हणून हा धागा.

पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षं जुनी, ७१,००० किमी. ब्रेक पुढे डिस्कचे (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रमचे. टायर १७५/६५ आर १४, मागच्या वर्षीच बदललेत.

८०-९० च्या वेगात ब्रेक हलका दाबला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरतं. वेग कमी होईल तशी थरथर सावकाश होत जाते आणि ४० च्या खाली जवळजवळ जाणवत नाही. ब्रेकवर पाय नसेल तर शंभरच्या वेगातही गाडी अगदी शांत चालते.

हा त्रास पहिल्यांदा फेब्रुवारीत सुरू झाला. घराजवळच्या गॅरेजने "डिस्क वाकल्या" म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले. मजुरीसकट आठ हजारांच्या आसपास गेले. तीन महिने गाडी लोण्यासारखी चालली. जूनमध्ये कुंभार्ली घाट उतरताना पुन्हा थरथर जाणवली आणि आता पहिल्यापेक्षा जास्त आहे. गॅरेजवाले म्हणतात, पुन्हा वाकल्या, आता भारीतल्या टाका. दुसरे एक मिस्त्री लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदला म्हणतात. व्हील बॅलन्सिंग दोनदा करून झालं, काडीचा फरक नाही.

आई मागे बसते आणि प्रत्येक ब्रेकला पुढच्या सीटची पाठ घट्ट धरते. तिला असं घाटातून न्यायची माझी तयारी नाही. पाच हजार किमीत डिस्क खरंच वाकतात का? आणि पुन्हा पैसे घालण्याआधी नेमकं काय तपासून घ्यावं?

राधानगरी_रोड – रविवार, रात्री १०:२०

आधी थरथर कुठे जाणवते ते नीट बघा. स्टिअरिंग हाताला हलत असेल तर बहुतेक वेळा दोष पुढच्या चाकांत असतो. स्टिअरिंग स्थिर आणि सीट, कंबर किंवा गाडीचा तळ हादरत असेल तर मागच्या ड्रमवर संशय घ्यायचा. पेडल पायाखाली वर-खाली होतंय का, तेही सांगा.

मागचे ड्रम वेगळे तपासायची एक सोपी रीत आहे. रिकामा, कोरडा, सरळ रस्ता हवा आणि मागे कोणी नको. ३०-४० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरायचं आणि हँडब्रेक अगदी हळूहळू वर घ्यायचा. पायाचा ब्रेक लावायचा नाही. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेव्हा हादरे आले तर ड्रम लंबगोल झालाय. काहीच आलं नाही तर मागची बाजू जवळजवळ मोकळी. बटण सोडू नका आणि झटक्याने ओढू नका, मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. ओल्या रस्त्यावर तर हे करूच नका.

बॅलन्सिंगचा तुमच्या तक्रारीशी संबंध वाटत नाही. त्याची थरथर ब्रेक लावा न लावा, ठरावीक वेगाला येतेच.

मुठेकाठ (धागाकर्ता) – सोमवार, सकाळी ७:४०

आज पहाटे हँडब्रेकची चाचणी केली. काहीही हादरलं नाही. पायाच्या ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं आणि पेडलही हलकंसं धडधडतं. म्हणजे पुढचीच चाकं.

सतरा_नंबर_पाना – सोमवार, सकाळी ८:१५

दादा, मी साताऱ्याकडे बावीस वर्षं गॅरेज चालवतो. तुम्हाला दोनच गोष्टी विचारतो. नवी डिस्क बसवताना हब घासून साफ केला होता का? आणि चाकाचे नट हाताने आवळले होते की हवेवर चालणाऱ्या गनने?

मुठेकाठ (धागाकर्ता) – सोमवार, सकाळी ८:३०

हब साफ करताना पाहिल्याचं आठवत नाही. जुनी डिस्क हातोड्याने ठोकून काढली आणि नवी लगेच चढवली. नट गनने आवळले, एका मागोमाग एक, गोलाकार.

सतरा_नंबर_पाना – सोमवार, सकाळी ८:५५

मग तुमचा रोग बहुतेक तिथेच आहे.

हब म्हणजे चाकामागची ती गोल लोखंडी बशी, जिच्यावर आधी डिस्क आणि तिच्यावर चाक बसतं. सात पावसाळ्यांत त्या बशीवर गंज चढतो आणि त्याचे पापुद्रे होतात. जुनी डिस्क त्या गंजासकट बसलेली असते. ती ठोकून काढली की काही पापुद्रे गळतात, काही तिथेच राहतात. आता त्या उंचसखल बशीवर कोरी करकरीत डिस्क ठेवली की ती एका बाजूला किंचित तिरकी बसणारच. वर गनने एक नट जास्त आणि दुसरा कमी आवळला की तिरकेपणात भर.

भारीतली डिस्क आणलीत तरी तीही त्याच बशीवर बसणार. म्हणून मी सांगतो, नवं काही विकत घेऊ नका. आधी चाक खोलून मोजून घ्या.

वाशिष्ठी – सोमवार, सकाळी ११:०५

एक शंका. डिस्क पहिल्या दिवसापासून तिरकी बसली असेल, तर तीन महिने गाडी चांगली कशी चालली?

लेथकाका – सोमवार, दुपारी ३:३०

वाशिष्ठी, सगळं कोडं याच प्रश्नात आहे. मी भोसरीत एकतीस वर्षं लेथ आणि ग्राइंडिंगवर काम केलं, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

छोट्या गाड्यांचा कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा) सरकता असतो. तो दोन पिनांवर डावी-उजवीकडे सरकतो. डिस्क तिरकी फिरत असली आणि तिची जाडी सगळीकडे सारखी असली, तर कॅलिपर तिच्याबरोबर झुलत राहतो. दोन पॅडमधलं अंतर बदलत नाही, त्यामुळे दाब बदलत नाही आणि ड्रायव्हरला काही कळत नाही. म्हणून पहिले दिवस गोड जातात.

बिघाड होतो ते ब्रेक लावलेला नसताना. पेडल सोडल्यावर पॅड डिस्कपासून केसभरच मागे सरकतात. त्यामुळे तिरक्या डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटून जातो. तुमच्या टायरचा घेर साधारण १.८३ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला जवळजवळ साडेपाचशे फेरे. पाच हजार किमीत सत्तावीस लाख वेळा तोच ठिपका घासला गेला. घासणाऱ्या पॅडखाली तिथली जाडी कमी होते, आणि काही पॅडचा मसाला उलट तिथे चिकटून थर वाढवतो. कसंही झालं तरी जाडी असमान होते.

आता ब्रेक दाबा. जाड भाग पॅडमधून जाताना पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, पेडलला धक्का बसतो. पातळ भाग आला की दाब उतरतो. ८० च्या वेगात चाक सेकंदाला बारा फेरे मारतं, तेवढे झटके स्टिअरिंगला पोचतात. ४० ला ते सहा होतात. वेगाबरोबर थरथर सावकाश होते असं धागाकर्त्याने लिहिलंय, त्याचं कारण हेच. ती चाकाच्या फेऱ्याला बांधलेली आहे.

या सगळ्याला किती फरक पुरतो? जाडीतला ०.०२ मिमी फरकही पुष्कळ गाड्यांत हाताला जाणवतो. वहीचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. त्याचे पाच पदर काढले तर त्यातला एक. इतकं डोळ्यांना दिसणं शक्य नाही. म्हणूनच डिस्ककडे नुसतं पाहून कोणी "वाकली" म्हणालं तर मी विचारतो, गेज कुठे लावला होता?

लेथकाका – सोमवार, दुपारी ३:५५

हबचं गणितही देतो. हबची बशी १३० मिमी व्यासाची धरा आणि डिस्क २४० मिमीची. बशीच्या कडेला ०.०५ मिमीचा पापुद्रा अडकला, तर डिस्कच्या कडेला ०.०९ मिमीपेक्षा जास्त फरक दिसतो. व्यास मोठा, म्हणून चूक मोठी होऊन बाहेर येते. बऱ्याच गाड्यांत डिस्क गाडीवर बसवलेली असताना ०.०५ मिमीपर्यंत आउट (फिरताना डिस्क आत-बाहेर किती डुलते तो आकडा) चालतो, काहींत ०.१. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावा. म्हणजे गंजाचा एक पापुद्रा मर्यादा ओलांडायला पुरतो.

राधानगरी_रोड – सोमवार, सायंकाळी ६:१०

काका, हे वाचून माझी एक जुनी गोष्ट आत्ता उलगडली. तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीला अशीच थरथर होती. मला लोअर आर्म बदलायला लावले. त्यांचे बुश (सांध्यातले रबर) खरोखरच फाटलेले होते. बदलल्यावर थरथर निम्म्यावर आली आणि मी खूश झाले. सहा महिन्यांत पुन्हा होती तिथेच. शेवटी डिस्कचा फेस मारल्यावर (लेथवर पृष्ठभाग सपाट करून घेतल्यावर) गेली.

म्हणजे बुश फाटलेले असतील तर डिस्कचा छोटा झटकाही मोठा होऊन हातापर्यंत येतो. नवे बुश तो झटका गिळतात, पण झटका देणारी डिस्क तशीच राहते. लोअर आर्म सुचवणारे मिस्त्री खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी अर्धाच रोग पाहिला.

सतरा_नंबर_पाना – सोमवार, रात्री ९:२०

ताई, बरोबर आहे. म्हणून डिस्क मोजायला चाक काढलं की त्याच वेळी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट (चाकाचा गोळ्याचा सांधा), टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) बघून घ्यायचे. चाक लावलेलं असताना वर-खाली धरून हलवलं आणि खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून खुळखुळलं तर टाय रॉड. बेअरिंग खेळत असेल तर डिस्कचा आउट मोजण्यात अर्थ नाही, आकडा दर वेळी वेगळा येईल.

मुठेकाठ दादा, मोजायची रीत सांगतो, तुमच्या मिस्त्रींना दाखवा.

गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड. जॅकवर उचलून स्टँड लावा, नुसत्या जॅकवर कामाला हात घालू नका. चाक काढल्यावर डिस्क हबवर सैल लटकते, तशीच मोजली तर फसाल. सगळे नट वॉशर घालून परत लावा आणि सारखे आवळा. मग चुंबकी स्टँडवर डायल गेज (शतांश मिमीपर्यंत हालचाल दाखवणारं काट्याचं यंत्र) लावायचा, त्याचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत टेकवायचं आणि डिस्क हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवायची. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यातला फरक म्हणजे आउट.

जाडीसाठी मायक्रोमीटर घ्या, व्हर्निअर नको. डिस्कच्या कडेला न घासलेली ओठासारखी पट्टी राहते, व्हर्निअरचे जबडे तिच्यावरच अडकतात. खडूने आठ खुणा करा, प्रत्येक खुणेवर कडेपासून तेवढ्याच अंतरावर मोजा आणि आकडे कागदावर लिहा.

नवा_चालक – सोमवार, रात्री १०:०५

मी गेल्याच महिन्यात गाडी घेतली. परवा पावसात जोरात ब्रेक लावल्यावर पेडल खालून टकटक करू लागलं आणि घरघर आवाज आला. माझीही डिस्क गेली का?

राधानगरी_रोड – सोमवार, रात्री १०:१५

नाही, ते एबीएस. चाक घसरून जाम होऊ लागलं की ते यंत्र ब्रेकचा दाब झपाट्याने सोडतं आणि धरतं, त्याची टकटक पायाला लागते. अशा वेळी घाबरून पाय उचलायचा नाही, पेडल दाबूनच ठेवायचं आणि स्टिअरिंगने गाडी वळवायची. कोरड्या रस्त्यावर हलक्या ब्रेकला रोजच थरथरलं तर मात्र दाखवून घ्या. आणि हलक्या ब्रेकला, थांबता थांबता एबीएस टकटकत असेल तर चाकाजवळचा सेन्सर तपासायला सांगा.

ऱ्हाईनकाठ – मंगळवार, पहाटे १:३०

जर्मनीतून लिहितोय. इथे गाडीची सक्तीची तपासणी दर दोन वर्षांनी होते (नव्या गाडीची पहिली तीन वर्षांनी). त्यात गाडीची चाकं फिरत्या रोलरवर ठेवून ब्रेकची ताकद मोजतात. ब्रेक हळूहळू दाबताना काटा स्थिर चढायला हवा. तो लयीत वर-खाली झाला की डिस्क किंवा ड्रम असमान आहे हे तपासणारा जागेवर सांगतो. डावी-उजवीकडचा फरकही तिथेच कळतो.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हबचा गंज घरोघरीचा. वर्षातून दोनदा उन्हाळी-हिवाळी टायर बदलताना मी स्वतः वायर ब्रशने हबचा दर्शनी भाग साफ करतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनीही चाक निघेल तेव्हा एवढं करून घ्यावं.

वाशिष्ठी – मंगळवार, सकाळी ९:००

चिपळूणहून. खारी हवा आणि पाऊस यांचा माझा अनुभव वेगळा आहे, पण याच विषयातला.

दोन पावसाळ्यांपूर्वी आईच्या आजारपणामुळे गाडी अंगणात पाच आठवडे उभी होती, हँडब्रेक ओढलेला. निघताना मागून 'कट्' आवाज आला आणि चाक सुटलं. पुढे प्रत्येक ब्रेकला ठक-ठक, चाकाच्या एका फेऱ्याला एक. गॅरेजमध्ये खोलल्यावर पुढच्या डिस्कवर पॅडचा हुबेहूब ठसा दिसला. पॅडखालची जागा वेगळी, भोवती गंज. मागे लायनर (ड्रमवर घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमला चिकटले होते.

रात्रभरात डिस्कवर चढणारा तांबूस गंज दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याची काळजी नको. आठवडेच्या आठवडे उभ्या गाडीचा ठसा मात्र जात नाही. आता मी गाडी ठेवताना सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवते, चाकांना दगड लावते आणि हँडब्रेक मोकळा सोडते. दर आठवड्याला कोणाला तरी सांगून पाच-सहा किलोमीटर फिरवून आणते.

मुठेकाठ (धागाकर्ता) – मंगळवार, सकाळी ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी एका मिस्त्रींनी वेळ दिलाय. डायल गेज एका मित्राच्या कारखान्यातून मिळतोय. एक विचारायचं राहिलं: तोपर्यंत रोज ऑफिसला गाडी नेऊ का? आणि ब्रेक ऑइल बदलून काही फरक पडेल का?

सतरा_नंबर_पाना – मंगळवार, दुपारी १:१०

नुसती थरथर असेल, पेडल कडक असेल आणि गाडी ब्रेकला सरळ थांबत असेल तर शहरात सावकाश न्या. पेडल खोल जाऊ लागलं, गाडी एका बाजूला ओढू लागली, लोखंड घासल्याचा आवाज आला किंवा एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापलं, तर तिथेच थांबा आणि टो करून आणा. आणि आजच चाकाचे सगळे नट पान्याने तपासा. सैल नटही अशीच थरथर देतात आणि त्यात जीव जाऊ शकतो.

ब्रेक ऑइलने थरथर होत नाही. पण दोन वर्षं झाली असतील तर घाटाआधी बदला. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल खाल्ल्यावर ती हद्द १४० पर्यंत येते. डॉट ४ ची २३० वरून १५५. घाटात ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. तो थरथरीपेक्षा कितीतरी मोठा धोका.

मुठेकाठ (धागाकर्ता) – शनिवार, रात्री ८:४५

आज सकाळी नऊ ते दुपारी चार तिथेच होतो. सगळं लिहितो, कारण कोणाला तरी उपयोगी पडेल.

बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड ठीक. डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशला बारीक चीर आहे, पण तो अजून घट्ट आहे, त्यामुळे सध्या ठेवला.

डावी डिस्क: आउट ०.०३ मिमी. जाडी आठही खुणांवर २१.९१, काटा जेमतेम हलत होता.

उजवी डिस्क: आउट ०.१२ मिमी. जाडी सर्वांत जास्त २१.९०, सर्वांत कमी २१.८७. तीन शतांश मिमीचा फरक, आणि पातळ भाग बरोबर तिथेच जिथे गेजचा काटा सर्वांत पुढे येत होता. लेथकाका, तुम्ही लिहिलेलं कागदावर उतरताना बघून अंगावर काटा आला.

उजवी डिस्क काढली. हबवर एका स्टडच्या (चाकाचा नट जिच्यावर बसतो त्या खिळीच्या) बाजूला नखाएवढा गंजाचा पापुद्रा, दाबून दाबून दगडासारखा झालेला. डिस्कच्या आतल्या बाजूला त्याचा ठसा उमटलेला. मिस्त्रींनी तो फोटो स्वतःच्या मोबाइलमध्येही काढून ठेवला. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, स्टडच्या भोवतीचा कोपरान् कोपरा. डिस्कची आतली बाजूही घासली. परत बसवून मोजलं: ०.०५. मग त्यांनी डिस्क एका स्टडने फिरवून दुसऱ्या जागी बसवली, पुन्हा मोजलं, पुन्हा फिरवली. चौथ्या जागी ०.०२ आला. तिथे डिस्क आणि हबवर रंगाची खूण करून ठेवली.

आणखी एक सापडलं. उजव्या कॅलिपरची खालची सरकती पिन जवळजवळ जाम होती, हाताने हलेना. रबरी बूट फाटून आत पाणी गेलेलं. नवा बूट टाकला, पिन साफ केली.

लेथकाका – शनिवार, रात्री ९:३०

उत्तम काम. पिन जाम म्हणजे कॅलिपर झुलायला मोकळा नव्हता, म्हणून उजवीकडे झीज लवकर झाली असणार. पिनेला कुठलं ग्रीस लावलं? साधं पिवळं ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस हवं.

आता हब सरळ झाला, पण डिस्कवरची तीन शतांशची असमानता तशीच आहे. ती आपोआप जाणार नाही. डिस्कच्या अंगावर किमान जाडी कोरलेली असते, ती वाचा. तुमच्याकडे भरपूर माल शिल्लक दिसतोय, फेस मारून घ्या. लेथवाल्याला तीन गोष्टी सांगा: डिस्क चकमध्ये धरताना बसायची जागा साफ पुसून घ्यावी, दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये माराव्यात, आणि गरजेपुरताच कट घ्यावा. डावीचाही हलका फेस मारा, म्हणजे दोन्हीकडे पॅडला सारखा पृष्ठभाग मिळेल.

मुठेकाठ (धागाकर्ता) – सोमवार, रात्री ९:१०

सिलिकॉन ग्रीसच लावलं होतं. डिस्कवर किमान २० मिमी कोरलंय. आज दोन्हींचा फेस मारून घेतला, दोन्हीचे मिळून सहाशे रुपये. उजवी आता २१.७० झाली. जुन्याच पॅडचा वरचा थर पॉलिश पेपरने सपाट केला. हब पुन्हा पुसून, रंगाच्या खुणा जुळवून बसवल्या. गाडीवर मोजल्यावर उजवीचा आउट ०.०२, डावीचा ०.०३. नट आधी हाताने फिरवले, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना). माझ्या गाडीच्या पुस्तकात १०० न्यूटन मीटर आहे.

सतरा_नंबर_पाना – सोमवार, रात्री ९:४०

छान. ५० किमी चालवून नट पुन्हा एकदा तपासा. आणि पॅड डिस्कवर नीट रुळवून घ्या. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग अर्धा किलोमीटर मोकळं जायचं. असं आठ-दहा वेळा. त्यानंतर चार-पाच किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा तिथेच उमटतो आणि केलेलं काम वाया जातं.

मुठेकाठ (धागाकर्ता) – बुधवार, सकाळी ८:००

काल पहाटे केलं. ९० वरून हलका, मध्यम, जोराचा, तिन्ही प्रकारचे ब्रेक लावून पाहिले. स्टिअरिंग हलत नाही. पेडलही शांत.

वाशिष्ठी – बुधवार, सकाळी १०:३०

फार बरं वाटलं. आता घाटाबद्दल, कारण मी कुंभार्ली महिन्यातून दोनदा उतरते. कोयनानगर सोडलं की घाटमाथ्यावरच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने एसटीवाले सांगायचे ते शंभर टक्के खरं. न्यूट्रल कधीच नाही. ब्रेकवर पाय ठेवून घसरत राहू नका. वळणाआधी ठामपणे दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा, म्हणजे डिस्कला वारा लागतो.

लेथकाका – बुधवार, सकाळी ११:१५

वाशिष्ठीताईंच्या म्हणण्याला आकडा जोडतो. माणसं-सामानासकट १,२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली की जी ऊर्जा सुटते तिच्यात साधारण १७ लिटर गार पाणी उकळीला येईल. काही वाटा हवा आणि टायर घेतात. उरलेली इंजिनने घ्यायची की चार ब्रेकने, हे तुमचा गिअर ठरवतो. आणि घाट उतरल्यावर लगेच चाकं पाण्याने धुऊ नका. लाल तापलेल्या बिडावर पाणी पडलं तर काय होतं ते मी ओतशाळेत पाहिलंय. डिस्क लाल नसते, पण बीडच आहे.

मुठेकाठ (धागाकर्ता) – तेरा दिवसांनंतर, रात्री १०:२५

काल गुहागरहून परतलो. जाताना उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली. घाट पूर्ण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो. धुकं होतं, मधूनमधून पाऊस. पोफळीला चहाला थांबलो तेव्हा हँडब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि चाकाला दगड लावला. निघताना बाबांनी तो आठवणीने उचलून रस्त्याच्या कडेला ठेवला. थरथर कुठेच नाही. आई शिरगावपर्यंत झोपली होती.

आज घरी आल्यावर चाक काढून उजवी डिस्क पुन्हा मोजली. आउट ०.०२, जाडीत काटा हलत नाही. आणखी पाच हजार किमी झाले की पुन्हा मोजून इथेच आकडे टाकतो. तेव्हाच डावीकडचा तो चीर गेलेला बुशही बदलून घेईन.

राधानगरी_रोड – दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:१५

नक्की टाका. आणि त्या हबवरच्या पापुद्र्याचा फोटोही इथे चढवा. माझ्या गाडीचं मागचं काम पुढच्या आठवड्यात आहे, मिस्त्रींना दाखवायला हवाय.